काका उठत नाहीत, काकू बसत नाहीत : नागपुरातल्या एका घराचं प्रकरण

तक्रार मुलीने आणली होती आणि ती सरळ होती. बाबा निवृत्त झाल्यापासून दिवसभर लोळत पडतात, त्यांना कशात तरी गुंतवून द्या. आईबद्दल ती एवढंच म्हणाली, की आईचं काही नाही, ती बिचारी आपल्या कामात असते. निवृत्तीच्या आगेमागे कुरबुरी सुरू झालेली घरं समुपदेशनाच्या कामात मला पुष्कळ भेटतात. त्या अनुभवावरून सांगते, ज्या माणसाबद्दल ‘तिचं काही नाही’ असं सांगितलं जातं, त्याची चौकशी आधी करावी. आळशी नवऱ्याचं म्हणून मे महिन्यात सुरू झालेलं हे प्रकरण पाऊस पडेपर्यंत दोघांचं झालं होतं.

दोघांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत आणि नावं घेत नाही. घरी जाऊन बोलायला लागल्यावर मी त्यांना काका-काकूच म्हणायला लागले, इथेही तसंच ठेवते.

निवृत्तीनंतरचे तीन महिने

काकांना साठ पूर्ण झाली आणि जानेवारीअखेर ते एका सरकारी कंपनीच्या हिशेब विभागातून निवृत्त झाले. घर त्रिमूर्तीनगरच्या बाजूला, स्वतःचं, वर गच्ची. मुलगा-सून पुण्यात, मुलगी मनीषनगरला, तिचा मुलगा दुसरीत. घराचं कर्ज फिटलेलं, पेन्शन सुरू. पैशाची ओढाताण नव्हती हे मुद्दाम सांगते, कारण ती असेल तर यातलं बरंचसं लागू पडत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये काका आळशी नव्हतेच, उलट घरात ठरत नव्हते. पहाटे अंबाझरीला फिरणं, तिथून हास्यक्लब, आल्यावर गल्लीतल्या नागरिक मंडळाचं सचिवपद. साळ्याच्या फ्लॅटची कागदपत्रं, मेहुणीच्या ठेवींचं नूतनीकरण, शेजाऱ्यांचा आयकर. एक दिवस सगळ्या नातेवाइकांसाठी कळमना मार्केटमधून संत्र्यांच्या पेट्या आणल्या आणि दिवसभर स्कूटरवर वाटत फिरले. ‘आता तरी आराम करा ना जी’ असं काकूंनी म्हटलं, की उत्तर ठरलेलं : ‘बसलो की गंज चढते.’

एप्रिलमध्ये एका नातेवाइकाच्या कामासाठी भर दुपारी सीताबर्डीला गेले. सकाळपासून पोटात फक्त चहा, रक्तदाबाची गोळी चालू, डोक्याला दुपट्टा नाही. रांगेत उभ्या उभ्या भोवळ आली. सलाइन लागलं. डॉक्टरांनी ऊन लागल्याचं सांगून पंधरा दिवस विश्रांती घ्यायला आणि दुपारी घराबाहेर न पडायला सांगितलं.

पंधरा दिवस संपले, काका उठले नाहीत. मी पहिल्यांदा भेटले तेव्हा दिवस असा होता : आठला उठणं, चहा, पेपर, मोबाइल. अकराला जेवण. त्यानंतर कूलरसमोर गादी टाकून तीन-साडेतीनपर्यंत झोप. चहा, पुन्हा मोबाइल, टीव्ही. रात्री दीडपर्यंत डोळ्याला डोळा नाही. सचिवपद सोडलं होतं. फोन वाजला तर उलटा करून ठेवत होते.

काकूंचा मे महिना

काकू छप्पन्न वर्षांच्या. त्या घरात मी गेले त्या सकाळी गच्चीवर कुरडया चालू होत्या. मी काकांशी बोलायला गेले होते आणि आधी तासभर गच्चीवरच थांबले, ते बरं झालं.

कुरडयांचं काम करणाऱ्याला माहीत आहे की ते एकट्याचं नाही. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, रात्रभर ठेवून वरचं पाणी ओतून द्यायचं. सकाळी आधणात मीठ-हिंग घालून चीक घोटायचा आणि गरम आहे तोवर सोऱ्यातून पाडायचा. थंड झाला की सोऱ्यातून उतरत नाही, दांडा फिरवता फिरवता हात भरून येतात. एकाने खाली घोटायचं, दुसऱ्याने वर पाडायचं, तिसऱ्याने पातेलं पोचवायचं, अशी पूर्वीची रीत. काकू तिन्ही करत होत्या. ऊन चढायच्या आत आटपायचं म्हणून साडेचारला उठल्या होत्या. गुडघ्याला पट्टा बांधलेला, हातात फडक्यात धरलेलं पातेलं, आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत वर येत होत्या. खालच्या खोलीत कूलर चालू होता.

मी विचारलं, काकांना का नाही उठवलं? म्हणाल्या, ‘ते बिमार आहेत ना बाप्पा. आणि त्यायनं केलं असतं तर मलाच दुप्पट झालं असतं.’ या वर्षी कुरडया कमी केल्या तर? तर पुण्याला पाठवायच्या असतात, मुलीकडे द्यायच्या असतात, नणंदेला सांगून ठेवलं आहे. सुनेने मात्र फोनवर मुलीला सांगितलं होतं की मागच्या वर्षीचाच डबा अर्धा शिल्लक आहे. हे काकूंना माहीत होतं. तरीही गहू भिजत घातला होता.

काका पडून राहायला लागले त्या महिन्यापासून काकूंनी कामं वाढवली होती. माळा उतरवून झाला, गोधड्या धुऊन झाल्या, मुगवड्या झाल्या, सरगुंडे झाले. रात्री साडेअकराला पाठ टेकत होत्या आणि पाचच्या आत उठत होत्या. ‘मला बसवतच नाही,’ हे त्यांनी पहिल्या भेटीत सांगितलं, आणि ते सांगताना दरवाजाची चौकट पुसत होत्या.

आळस आहे की आजार

साठीच्या माणसाने एकाएकी अंथरूण धरलं तर त्याला आळस म्हणायच्या आधी शरीर तपासून घ्यावं. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, ब-12 जीवनसत्त्व, रक्तदाबाच्या गोळीचा डोस. यापैकी कशानेही माणूस मरगळतो. काकांचे अहवाल ठीक आले, फक्त ब-12 कमी होतं आणि त्याचं औषध डॉक्टरांनी सुरू केलं.

मनाचंही तसंच. नैराश्य चाचपण्यासाठी मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न विचारायची जगभर वापरली जाणारी पद्धत आहे. काकांची उत्तरं सौम्य त्रासाच्या पट्ट्यात बसली. भूक ठीक होती, नातू आला की हसत होते, जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलणं नव्हतं. तसं असतं तर मी हे प्रकरण माझ्याकडे ठेवलंच नसतं, मेडिकलच्या, म्हणजे इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात पाठवलं असतं. ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांच्यासाठी सांगून ठेवते : ऑक्टोबर 2022 पासून सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा सुरू आहे, 14416 हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

झोपेचं कोडं मात्र सुटण्यासारखं होतं. जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्याच्या दाबाने रात्री झोप येते. दुपारी चार तास झोपलेल्या माणसाचा तो दाब उतरलेला असतो, रात्री बारा वाजले तरी तो पुन्हा भरलेला नसतो. मग जागरण, मग उशिरा उठणं, मग सकाळची थंड वेळ हातची गेलेली, आणि आठ वाजता बाहेर पाहावं तर ऊन तापलेलं. काका रोज या चक्रातून जात होते आणि घरातले त्याला स्वभाव म्हणत होते.

इथे नागपूरच्या उन्हाबद्दल मला आग्रहाने बोलायचं आहे. 23 मे 2013 ला या शहरात 47.9 अंश तापमान नोंदलं गेलं आहे. पारा 45 वर जाणं हे आपल्याला मे महिन्यात नवीन नाही, चौकाचौकांत सिग्नलवर हिरव्या जाळ्या टाकाव्या लागतात. उष्णतेपासून वाचण्याच्या प्रत्येक सरकारी सूचनेत दुपारी बारा ते तीन-चार घरात थांबा असं सांगितलेलं असतं. शरीर गार ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घाम जातो, हृदयावर ताण येतो. त्यात वय साठ आणि रक्तदाबाची गोळी. अशा गावात दुपारी पडणं हा शहाणपणा आहे. पुण्यात बसलेल्या मुलाला ते कळत नव्हतं आणि त्याचा दोष नाही, तो गेली कित्येक वर्षं एसीत काम करतो आहे.

पुण्याहून आलेला तक्ता

माझ्याकडे यायच्या आधी मुलाने स्वतः एक उपाय केला होता. त्याने बाबांचं वेळापत्रक करून व्हॉट्सअॅपवर पाठवलं. साडेपाचला उठणं, सहाला योग, सातला फिरणं, आठला नाश्ता, नऊला इंग्रजी वर्तमानपत्र, दहाला ऑनलाइन कोर्स, असं रात्री दहापर्यंत. दुपारी दोन ते अडीच ‘विश्रांती’. काकांनी प्रिंट काढून फ्रिजवर लावलं. चार-पाच दिवस पाळलं, मग सोडलं, आणि सोडल्याची लाज वाटून मुलाचे फोन घेणंही कमी केलं. मी गेले तेव्हा तो कागद फ्रिजवरच होता, वर काकूंनी दूधवाल्याचा हिशेब लिहिलेला.

तो तक्ता मी नीट वाचला. मुलाची तळमळ त्यात दिसत होती. पण काकांनी त्यातलं एखादं काम केलं नाही तर कुणाचं काही अडलं असतं, असं त्यात एकही काम नव्हतं. कोर्स बुडाला तरी कुणी विचारणार नव्हतं. बत्तीस वर्षं ज्या माणसाच्या टेबलवर फाइल थांबली तर खाली चार लोकांचं बिल थांबत होतं, त्याला हे काम वाटेलच कसं?

2010 साली क्रिस्टोफर सी (Hsee) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला एक प्रयोग इथे आठवतो. विद्यार्थ्यांनी एक फॉर्म भरायचा, पुढच्या फॉर्मला पंधरा मिनिटं वेळ आहे. पहिला फॉर्म जवळच्या ठिकाणी देऊन बसून राहा, किंवा लांब चालत जाऊन देऊन या. दोन्हीकडे एक चॉकलेट मिळणार. दोन्हीकडचं चॉकलेट सारखं असलं तर बहुतेक बसून राहिले. वेगळं असलं तर बहुतेक लांब गेले. आणि जे चालून आले ते बसलेल्यांपेक्षा जास्त खूश होते. म्हणजे माणसाला हालचाल हवी असते, पण कारण सापडलं नाही तर तो उठत नाही, आणि बसून राहून आनंदीही होत नाही. कारण छोटं चालतं. ते लागतं मात्र.

वहीतली दोन पानं

मी दोघांना एक-एक दोनशे पानी वही दिली. आठवडाभर तासातासाचं लिहायचं, चांगलं-वाईट काही नाही, जे केलं ते. काकांचं हिशेबनिसाचं अक्षर सुरेख आणि सारखं. काकूंनी सुरुवातीला ‘घरकाम’ असं सकाळी एकदा लिहून खाली रात्रीपर्यंत रेघ ओढली. मुलीने बसून त्यांच्याकडून फोड करून घेतली.

त्या वह्या मी दोघांसमोर शेजारी शेजारी उघडल्या. मंगळवार, दुपारी चार. काकांच्या पानावर : ‘उठलो. चहा घेतला.’ काकूंच्या पानावर : ‘चहा केला, नेऊन दिला. कूलरमध्ये पाणी टाकलं, पाइप छोटा पडते म्हणून बकेटीने. गच्चीवरचं आणलं.’ संध्याकाळी सात, काका : ‘टीव्ही.’ काकू : ‘कणीक. त्यांच्या बहिणीचा फोन आला तो मी घेतला.’ काका दोन्ही पानं बराच वेळ पाहत राहिले. हिशेब विभागात आयुष्य गेलेल्या माणसाला जमा आणि नावे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्यांची विश्रांती काकूंच्या खात्यावर पडत होती.

हे या एका घरापुरतं नाही. 2019 च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी 299 मिनिटं विनामोबदला घरकामात घालवताना दिसल्या, घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटं. घरातल्या एकाचा आळस आणि दुसऱ्याची धावपळ यांचा विचार वेगवेगळा करणं मला म्हणूनच पटत नाही. ‘बाबांना कामाला लावा’ ही मागणी मी तिथेच बदलून घेतली.

दुसरीकडे काकांचा रिकामा वेळ जागेपणीच आठ-नऊ तासांच्या घरात जात होता आणि काकूंचा अर्धा तास, तोही मालिका पाहताना शेंगा सोलत. 2021 साली मरिसा शरीफ, कॅसी मोगिलनर होम्स आणि हॅल हर्शफील्ड यांनी 35 हजारांहून अधिक अमेरिकी लोकांची माहिती तपासून मांडलं होतं, की रोजचा मोकळा वेळ साधारण दोन तासांपर्यंत वाढत गेला तर समाधान वाढतं, मग ते स्थिरावतं, आणि पाच तासांच्या पुढे घटायला लागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, मोकळा वेळ माणसाने काहीतरी करण्यात किंवा माणसांत घालवला तर ती घट जवळपास दिसत नाही. अमेरिकेतले आकडे त्रिमूर्तीनगरात जसेच्या तसे लावू नयेत. पण एकाच छताखाली या चढ-उताराची दोन्ही टोकं मला इतकी स्वच्छ क्वचितच दिसली आहेत.

ठरलं ते

आम्ही नवं वेळापत्रक केलं नाही. तीनच गोष्टी ठरवल्या, आणि त्या ठरायला दोन बैठका लागल्या.

पहिली, दुपार. साडेबारा ते चार हे घर बंद. गॅस पेटणार नाही, फोन बाहेरच्या खोलीत, कुणी कुणाला उठवणार नाही, कुणी कुणाला आळशी म्हणणार नाही. काकांनी झोपायचं असेल तर गजर लावून अर्धा तास, बाकी वेळ पडून राहावं, पुस्तक वाचावं, छताकडे पाहावं. काकूंनीही आडवं व्हायचं. मुलीला वाटलं हे उलटंच झालं, बाबांना उठवायला आलो आणि झोपायला सांगतोय. पण माझं म्हणणं असं, की काका दिवसभर पडत होते आणि दिवसभर त्यांना पडल्याची टोचणी होती. ती विश्रांतीच नव्हती. आळसाला हक्काची वेळ दिली, की बाकीच्या दिवसात त्याला हात पसरायची गरज राहत नाही.

दुसरी, वाट पाहणारं काम. काकांसाठी असं काम शोधायचं जिथे ते गेले नाहीत तर कुणीतरी दरवाजाकडे पाहील. समाजसेवेच्या मोठ्या कल्पना पुष्कळ निघाल्या, त्या मी बाजूला ठेवायला लावल्या. शेवटी सापडलं ते घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. एका अभ्यासिकेत बँकेच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलांना अंकगणित अडत होतं. शेकडेवारी, सरासरी, व्याज, काळ-काम-वेग. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी साडेसहा ते पावणेआठ. ऊन तापायच्या आत परत. पैसे घ्यायचे नाहीत हे काकांनीच सांगितलं, पण गैरहजर राहणाऱ्याने आदल्या दिवशी कळवायचं, शिक्षकानेही.

नैराश्यावरच्या उपचारांत हाच विचार पूर्वीपासून वापरात आहे : मन तयार होण्याची वाट न पाहता आधी छोटी, अर्थ असलेली कृती ठरवायची, मन मागून येतं. 1996 साली नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दाखवलं होतं, की विचारांवर काम करणाऱ्या पूर्ण उपचाराइतकाच उपयोग त्यातल्या नुसत्या कृतीच्या भागाचाही झाला. काकांशी मी ‘तुम्ही असे का झालात’ यावर फार बोलले नाही. पहिल्या सोमवारी पावणेसहाला उठायचं, एवढंच बोललो.

तिसरी, घरातली दोन कामं काकांची, कायमची. सकाळी दोन्ही कूलर भरणं आणि दुपारी चारचा चहा. मदत म्हणून नव्हे. कूलर कोरडा राहिला तर काकूंनी भरायचा नाही, दोघांनी उकाड्यात बसायचं. काकूंना ही अट सगळ्यांत जड गेली.

नवतपा, जून, आणि पुढे

काका अभ्यासिकेत गेले. पहिल्या दिवशी सात मुलं होती, दुसऱ्या आठवड्यात वाढली, एकाने प्रश्नांचा गठ्ठाच आणून दिला. रात्री काका उद्याची उदाहरणं काढायला बसू लागले आणि मोबाइल तेवढ्यापुरता बाजूला पडला. दुपारची झोप आखडली, तशी रात्रीची झोप आठ-दहा दिवसांत अकराच्या आसपास आली. काकांचं हे सांगायला सोपं आहे, कारण ते बरंचसं सरळ झालं.

काकूंचं सरळ झालं नाही, आणि मला त्याबद्दल जास्त लिहायचं आहे.

पहिल्या दुपारी त्या आडव्या झाल्या आणि थोड्या वेळाने उठून स्वयंपाकघरात गेल्या. मुलगी त्या दिवशी तिथेच होती, तिने सांगितलं. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची जुडी आणि पेपर घेऊन त्या कूलरसमोर येऊन बसल्या आणि काड्या वेगळ्या करायला लागल्या. मुलगी रागावली तर म्हणाल्या, ‘हे काय काम थोडीच आहे?’ दुसऱ्या दिवशी लसूण. तिसऱ्या दिवशी नातवाच्या पँटची शिवण. पडून राहिलं की डोक्यात कामांची यादी सुरू होते, छातीत धडधडतं, असं त्यांनी मला एकटीला सांगितलं. लग्न होऊन आल्यावर सासूबाईंसमोर दिवसा आडवं होणं म्हणजे आजारपण किंवा उद्धटपणा. तीस वर्षं दुपारी पाठ टेकली नाही, अगदी बाळंतपणानंतरही सव्वा महिना झाला की बंद. सासूबाई जाऊन अकरा वर्षं झाली. सवय घरात राहिली.

बसायला न जमणाऱ्या बाईला ‘आराम करा’ म्हणणं आणि उठायला न जमणाऱ्या माणसाला ‘उठा’ म्हणणं सारखंच निरुपयोगी आहे. काकूंनाही पायरी लागणार होती. म्हणून सांबार निवडू दिलं. ज्या हातकामाला वेळेचं बंधन नाही, जे कधीही अर्धं टाकून देता येतं आणि जे केलं नाही तर कुणी जेवायचं थांबत नाही, ते विश्रांतीच्या जवळ जातं. अट दोनच : जागा कूलरसमोरची, आणि गुडघे लांब पसरलेले. नवतप्याच्या दिवसांत, रोहिणी नक्षत्राच्या त्या नऊ दिवसांत ऊन असं होतं की गच्चीवरचं काम आपोआप थांबलं, त्याचाही उपयोग झाला. एका दुपारी जुडी तशीच पेपरवर सुकली. काकू झोपल्या होत्या. काकांनी चारला चहा करून पाच मिनिटं वाट पाहिली आणि झाकून ठेवला, उठवलं नाही. त्यावर काकूंची प्रतिक्रिया ‘चहा कडू झाला होता’ अशी होती.

जूनमध्ये घसरण झाली. परीक्षा आटोपल्या, अभ्यासिकेतली मुलं गावी गेली, आणि तीन सकाळी कुणीच आलं नाही. काका पुन्हा गादीवर. काकूंनी त्याच आठवड्यात लोणच्याच्या कैऱ्या दरवर्षीपेक्षा जास्त आणल्या, हा योगायोग मला वाटत नाही. यावर काकांनी स्वतः उपाय काढला, तो माझ्या डोक्यात आला नसता. शाळा विदर्भात उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. तोवर नातवाला सकाळी आणून त्याच्याकडून कैऱ्यांच्या फोडी मोजून घ्यायचं त्यांनी ठरवलं. बाराच्या पाढ्याने. फोडी काका करत होते, अडकित्त्यावर. काकू मोहरी फेसत होत्या, बसून. लोणचं तिघांनी घातलं, आणि दुपारी घर नेहमीसारखं बंद झालं.

पाऊस लागल्यावर नवी मुलं आली. ऑगस्टमध्ये पोळ्याच्या सुमारास आम्ही पुन्हा वह्या लिहिल्या. काकांचं सकाळचं काम टिकलं होतं, मोबाइल अजूनही रोज तीन तासांच्या वर होता. मला तो कमी व्हायला हवा वाटतो, त्यांना वाटत नाही, तिथे आमचं एकमत नाही. सचिवपद त्यांनी परत घेतलं नाही आणि मी आग्रह केला नाही. फेब्रुवारीतली धावपळही मला मे महिन्यातल्या गादीपेक्षा निरोगी वाटत नव्हती. आपण आता कुणाला लागत नाही या विचारासमोर बसायला लागू नये म्हणून ते पळत होते, आणि उन्हाने पाय काढून घेतल्यावर त्याच विचाराखाली पडून राहिले. काकूंची दुपार आठवड्यातून चार-पाच दिवस होते. गुडघ्याची सूज कमी आहे, त्यासाठी फिजिओथेरपीचे व्यायामही सुरू आहेत, तेव्हा श्रेय एकट्या दुपारचं नाही. काकांना चहापलीकडे स्वयंपाकघरात त्या अजून येऊ देत नाहीत.

हिवाळ्याचा प्रश्न मुलीने काढला. नोव्हेंबरनंतर नागपूरची दुपार गच्चीवर बसण्यासारखी होते, उन्हाचं कारण उरत नाही. मग साडेबारा ते चार घर बंद का ठेवायचं? काकू लगेच म्हणाल्या, मग वाळवणाची नाही तर गाद्या उन्हात टाकायची वेळ असते. त्यांना ती वेळ परत कामाला हवी आहे हे स्पष्ट होतं. काका म्हणाले, गाद्या मी टाकतो, तू त्याच्यावर बस. हे कितपत जमेल ते डिसेंबरात कळेल.

त्याआधी दिवाळी आहे. शेवटच्या बैठकीचा बहुतेक वेळ फराळात गेला. काकूंची यादी नऊ पदार्थांची होती. मुलीने पाचावर आणली, काकूंनी सातावर नेली. चिवडा आणि शंकरपाळे घरी, लाडू काकांनी वळायचे, चकल्या आणि शेव सीताबर्डीच्या ओळखीच्या दुकानातून, करंज्या मुलीकडे दोघींनी मिळून. अनारशांचं अजून ठरलेलं नाही. तांदूळ तीन दिवस आधी भिजत घालावे लागतात, तेव्हा वसुबारसेच्या आधी ठरवतो असं दोघांनी सांगितलं आहे.